पुकारलेलं वजन

दर सोमवारी दुपारी साडेबाराला माझी मुलगी थोडी थोडी माझ्या घरी येते. ऋजुता असते डर्बीला, इंग्लंडात. तिथल्या एका हॉस्पिटलात नर्स आहे. पहिल्या सोमवारी ती साडेसहा पौंड आली, म्हणजे जन्मली तेव्हा होती तेवढीच.

हे कसं झालं ते सांगते.

माझे वडील गुळाच्या पेठेत तोलार होते. तागडीची दांडी स्थिर झाली की ते मोठ्याने वजन पुकारायचे, आणि त्यांनी पुकारलं की ते वजन झालं. एकदा त्यांच्या तोंडून दोन किलो कमी गेलं. सगळ्यांच्या देखत ढेप तेवढी बारकी झाली, आणि घरी आलो तर दोन किलो गूळ आमच्या उंबऱ्यात येऊन बसला होता. वडिलांनी तो तसाच उचलून त्या शेतकऱ्याच्या गाडीत नेऊन घातला. परत येताना मला म्हणाले, "नलू, पुकारलेलं माघारी घेता येत नाही. उरलं ते पुकारणाऱ्याच्या घरी येतं. कमी पुकारलं तर ते खोटं. जास्त पुकारलं तर त्याला वरताळा म्हणतात, त्यात पाप नाही. पण वरताळा आपल्या घरातून जातो, हे ध्यानात ठेवायचं."

मोजताना ते एक कधी म्हणत नसत. पहिल्या मापाला 'लाभ' म्हणायचे, मग दोन, तीन. पेठेत सगळेच तसं म्हणतात.

वडील गेले, मागून माझे यजमानही गेले. वडिलांची तागडी माझ्या बाहेरच्या खोलीत आढ्याला टांगलेली आहे. दोन्ही पारडी माणूस मांडी घालून बसेल एवढी मोठी आहेत. रोज पूजा झाली की मी त्यांना हळदीकुंकू लावते. माझे नेम साधे आहेत. पहाटे तुळशीला पाणी घालेपर्यंत बोलायचं नाही. दिवसाला एकशेआठ वाती वळायच्या, लाख वातींचा नेम आहे. आणि खोटं बोलायचं नाही. हा शेवटचा नेम मला कधी जड गेला नव्हता, कारण दिवसभरात माझ्याशी बोलायलाच फारसं कुणी नसतं.

ऋजुता निघाली तेव्हा मी महादेवाला नवस बोलले की सोळा सोमवार करीन आणि सतराव्या सोमवारी तिच्या भारोभार गुळाची तुला करीन. तिला रजा नव्हती. देवळातले गुरव म्हणाले, "ती नसली तरी चालतंय. तिच्या जागी आईनं पारड्यात बसायचं. पण दर सोमवारी तिचं वजन पुकारायला पाहिजे. देवाला आकडा कळला पाहिजे ना."

ऋजुता ज्या घरात भाड्याने राहते तिथे डोरीन नावाच्या बाई आहेत, सत्तरीच्या. न्हाणीघरातला वजनाचा काटा त्यांचा. तो स्टोन आणि पौंडच दाखवतो.

"आई, नऊ स्टोन चार पौंड," पहिल्या सोमवारी ऋजुता म्हणाली. तिच्याकडे सकाळचे सात वाजले होते. पाणी उकळल्याचा आवाज येत होता.

एका स्टोनला सहा किलो आणि दोन पौंडांना एक किलो, असं वडिलांनी लहानपणी शिकवलं होतं. वरच्या अपूर्णांकाचा चुरा धरायचा नाही.

"सहा नवे चोपन्न, वर दोन. छप्पन्न किलो," मी पुकारलं.

"एवढी बारीक झाले? मग आज केक खाते."

"खा गं. आणि डोक्याला तेल लाव."

"इथे तेल लावून गेलं की पेशंट विचारतात कसला वास येतो."

"सांगावं, आईचा येतो."

ती हसली आणि बसची वेळ झाली म्हणून फोन ठेवला. मी वळून बघितलं तर तागडीचं डावं पारडं खाली गेलं होतं. त्यात काही नव्हतं. मी उजव्या पारड्यात दोन किलोचं वजन ठेवलं, मग एक किलोचं. तेव्हा ते किंचित जास्त झालं. पाच-पाच ग्रॅम कमी करत आणलं. दोन किलो नऊशे पासष्टला दांडी थांबली.

मी रिकाम्या पारड्यात हात घातले आणि जे होतं ते उचललं. मानेखाली हात द्यावा लागला.

त्याला रूप नव्हतं, वास नव्हता, आवाज नव्हता. नुसता भार होता. पण अठ्ठावीस वर्षांपूर्वी हा भार मी याच हातांवर घेतला होता, त्यामुळे ओळख पटायला वेळ लागला नाही. मी मांडीवर घेऊन बसले आणि वाती वळल्या. त्या दिवशी एकशेआठच्या जागी दोनशेसोळा झाल्या.

दुसऱ्या सोमवारी ऋजुता म्हणाली, "आठ स्टोन साडेअकरा. म्हणजे उतरलंच की."

"पावणेचोपन्न," मी पुकारलं. मांडीवरचा भार सव्वादोन किलोंनी वाढला. तो आता मान धरू लागला होता.

एका सोमवारी मी जेवढं पुकारी, तेवढीच ती पुढच्या सोमवारी तिथे भरे. मी पुन्हा सहाने गुणी, पुन्हा चुरा राही. चौथ्या सोमवारी माझ्याकडे साडेदहा किलो झाले आणि मी तिला कडेवर घेऊन देवळात जाऊ लागले. वाटेत भूपालशेठ मगदुमांचं गुळाचं दुकान लागतं. वडिलांनी त्यांच्याकडे वीस वर्षं तोललं. तुलेचा छप्पन्न किलो गूळ मी पहिल्याच आठवड्यात त्यांच्याकडून आणून ठेवला होता.

"वैनी, कंबर धरली काय?" त्यांनी गादीवरून विचारलं. "एका अंगाला कलून चाललाय."

"नाही हो. कडेवर आहे."

त्यांनी माझ्या कडेकडे बघितलं. "बरं बरं. पण उन्हातनं नेऊ नका मग," असं म्हणून गुळाचा एक खडा कागदावर ठेवला. मी तो कडेपाशी धरला. कुणी घेतला नाही. मग घरी येऊन नैवेद्याच्या वाटीत ठेवला.

सातव्या सोमवारी माझ्याकडे सोळा किलो होते. आता ती कडेवर राहीना. पदराला मागून ओढ लागे, मी थांबले की सैल पडे. मी रस्ता ओलांडताना डावा हात जरा मागे धरून चालायला लागले. रात्री गादीला उजवीकडे खड्डा पडे. मी त्याच्यावरही पांघरूण घाली. पहाटेचं मौन मला पूर्वी फार लांब वाटायचं. आता कुणीतरी झोपलंय म्हणून बोलायचं नाही, असं वाटू लागलं, आणि ते लवकर संपे.

याच दिवसांत ऋजुता फोनवर एकेक गोष्ट सांगू लागली. ती तक्रार करणारी मुलगी नाही. वॉर्डमधल्या बातम्या सांगते तशा सुरात सांगे.

"आई, दुकानाचं आपोआप उघडणारं दार माझ्यासाठी उघडत नाही. दुसरं कुणी येईपर्यंत उभी राहते."

"आई, मी जिन्यावर वाजत नाही म्हणे. डोरीन दचकतात."

"काल एका आजोबांना बिछान्यातून उठवायला गेले. ते बसूनच राहिले आणि मीच वर गेले. ते म्हणाले, सिस्टर, तुम्हीच जरा धरून बसा."

"काही खातेस की नाही?"

"खाते गं. सगळं खाते. खाऊन काट्यावर तोच आकडा येतो, तू सांगितलेला."

नवव्या सोमवारी तिने विचारलं, "आई, एका स्टोनला सहाच का?"

"आजोबांचा हिशेब आहे तो."

हे खरं होतं. पण सगळं खरं नव्हतं. वातींचा आकडा मी ज्या वहीत लिहिते, तिच्या मागच्या पुठ्ठ्यावर पाढ्यांखाली मापांचं कोष्टक छापलेलं आहे. तिसऱ्या सोमवारी माझी नजर तिथे गेली होती. त्याच संध्याकाळी मी वहीला तपकिरी कागदाचं कव्हर घातलं. कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. ऋजुताने 'सहाच का' एवढंच विचारलं होतं, 'बरोबर किती' असं विचारलं नव्हतं.

पंधराव्या सोमवारी ती म्हणाली, "बरोबर पाच स्टोन, आई. काटा अगदी आकड्यावर आहे."

"तीस," मी म्हटलं.

फोनमध्ये वाऱ्याचा आवाज येत होता. "इथे वारा सुटलाय. हॉस्पिटलच्या वाटेवर नदीचा पूल आहे ना, त्यावर काल माझे पाय सुटले. कठड्याला धरून राहिले. एका माणसाने सायकल थांबवून मला खाली ओढलं. डोरीननी त्यांच्या पडद्यांच्या काठातल्या शिशाच्या गोळ्या काढून माझ्या कोटात शिवल्यात. काट्यावर त्या भरत नाहीत. वाऱ्याला थोड्या समजतात."

"सुट्टी घे."

"घेतली असती. पण घरातही, आई, पलंगाला ओढणी बांधून झोपते. गाठ सुटली तर सकाळी छताला असते. खिडकी उघडी राहिली तर काय, असा डोरीनना घोर लागलाय. त्या हल्ली झोपत नाहीत."

"खिडकी लावून घेत जा गं बाई."

"लावते. पण पुलावर खिडकी नाही ना."

सोळाव्या सोमवारी चार स्टोन दहा पौंड. मी एकोणतीस पुकारलं आणि फोन ठेवला. बाहेरच्या खोलीत गेले. माझ्याकडची आता मला उचलत नव्हती, तीच आपण होऊन पारड्यात जाऊन बसली. मी उजवीकडे वजनं ठेवत गेले. एकोणतीसला डावं पारडं खालीच होतं. तीसला दांडी सरळ झाली.

त्या दिवशी घरातली तिथलीपेक्षा जड झाली.

सतरावा सोमवार आठ दिवसांवर आला. उद्यापनाचा चूर्मा करायचा, तो पोथीत अर्ध्या शेराचा सांगितलाय. गुळाची तुला एकोणतीस किलोंची करायची म्हणून मी जास्तीचा गूळ परत घ्या, असं सांगायला भूपालशेठकडे गेले. ती माझ्या डाव्या हाताला होती. हल्ली ती मला ओढत नसे, मीच तिच्या चालीने चाले.

"सत्तावीस किलो माघारी?" भूपालशेठनी चष्मा कपाळावर सरकवला. "वैनी, पोरगी झिजती काय तिकडं? किती म्हणाली ती, पहिल्यांदा?"

"नऊ स्टोन चार पौंड."

"आणि तुम्ही?"

"छप्पन्न."

त्यांनी कॅल्क्युलेटर ओढला. बोटं गुळाने चिकट होती, बटणं दाबली की ती वर यायला वेळ घेत. "आवं, आपला गूळ तिकडं जातोय, मला स्टोन शिकवताय? सहा नव्हं. सहा पूर्णांक पस्तीस. एकोणसाठाला जरा कमी भरली पोरगी. तुमचे वडील सहा म्हणायचे ते ढेपेचं. गोणपाटाच्या वजनाचा कडता कापून म्हणायचे. माणसाला कुठलं आलंय गोणपाट?"

त्यांनी बिलाच्या मागे आकडा लिहून माझ्या हातात दिला. मी कागद न बघता घडी केला.

"माहीत होतं मला," मी म्हणाले. त्यांनी विचारलं नव्हतं, तरी म्हणाले.

भूपालशेठनी कॅल्क्युलेटर बाजूला सारला. मग माझ्या डाव्या हाताकडे बघून हळू आवाजात बोलले, "किती वर्षांची झाली?"

"दहा असेल. तीस किलो आहे."

"आणि तिकडची?"

"एकोणतीस."

"बोलती का ही?"

"नाही."

"आणि ती बोलती," ते म्हणाले. गादीवरून उठले आणि गुळाची तीन किलोंची एक भेली बांधून माझ्या पिशवीत घातली. "एकोणसाठ करा. माघारी काही आणू नका. तुमच्या वडिलांनी गाडीत घालून दिलता तो दोन किलो गूळ माझ्याच बाचा. ढेप बारकी झालेली मी बघितलीय."

तो आठवडा मी रोजचे नेम केले. एक उपाय असा होता की पुढच्या सोमवारी बरोबर पुकारायचं. बरोबर पुकारलं तर चुरा उरत नाही. ती तिथे एकोणतीस राहील, ही इथे तीस राहील, आणि मी खोटंही बोललेली नसेन. मी हा हिशेब तीनदा केला. तिन्ही वेळा जमला. शुक्रवारी रात्री गादीवर उजवीकडे खड्डा होता आणि मी त्याच्यावर हात ठेवून पडले होते. खिडकीबाहेर वारा नव्हता. आमच्याकडे त्या दिवसांत वारा नसतोच. माझा हात खड्ड्यात स्वस्थ होता, आणि डर्बीला एक म्हातारी बाई माझ्या मुलीच्या गाठीवर हात ठेवून जागी बसली होती. तिचं माझ्या मुलीशी काही नातं नव्हतं.

शनिवारी मी वहीचं कव्हर काढलं.

सतराव्या सोमवारी मी चूर्म्याचे तीन भाग केले. गुरव येणार होते, पण मी त्यांना संध्याकाळी या म्हणून सांगितलं. उजव्या पारड्यात एकोणसाठ किलो गूळ रचला, ढेपा खाली, भेली वर. माझं स्वतःचं वजन साठाला एक कमी आहे. लेकीचं आणि माझं गेली काही वर्षं एकच भरायचं. तिच्या जागी मी डाव्या पारड्यात मांडी घालून बसले. मग ती आली आणि मांडीवर बसली. दहा वर्षांची मुलं एरवी मांडीवर बसत नाहीत. पारडं जमिनीला टेकलं आणि गूळ वर आढ्याशी गेला.

साडेबाराला फोन वाजला.

"आई, चार स्टोन आठ पौंड." "मी पुलाच्या अलीकडे उभी आहे. बॅगेत डोरीननी बटाटे भरून दिलेत. आज त्या आजोबांच्या वॉर्डमध्ये दुसरी नर्स नाहीये, मला पोचायलाच हवं. पुकार ना लवकर."

"एकोणतीस," मी म्हणाले. "सहा पूर्णांक पस्तीसने. बरोबर एकोणतीस."

मांडीवरचा भार तसाच होता.

"हे बरोबर आहे, आई," ती म्हणाली. "पण कमी आहे."

"थांब. संपलं नाही अजून. वर वरताळा आहे."

मी डावा हात मांडीवर ठेवला. जिथे डोकं असावं तिथे तो खाली जाईना.

"लाभ," मी पुकारलं.

एक किलो गेला. मला कळलं. दूध ओतताना भांडं हलकं होतं तसं.

"दोन. तीन."

"आई, पाय टेकले," ऋजुता म्हणाली. "टाचा नाही, बोटं."

"चार. पाच. सहा."

पंधराला मांडीवर तीन-चार वर्षांची राहिली. अठराला मी तिला कडेवर घ्यावं तसं आवळलं आणि तरी पुढचा आकडा म्हटला. फोनमध्ये तिच्या बुटांचा आवाज येऊ लागला होता. मोजताना मी सोळा सोमवार उलटे बघत होते. चोवीसला पदर सैल पडला. सत्ताविसाला मला पुन्हा मानेखाली हात द्यावा लागला.

तिथे मी थांबले. साडेसहा पौंडांना जरा जास्त उरलं होतं.

"आई? मी पुलाच्या मधे आहे. वारा खूप आहे. थांबू नकोस."

"अठ्ठावीस," मी म्हणाले. "एकोणतीस."

"अजून."

"तीस."

हात रिकामे झाले. ते मी तसेच धरून ठेवले, एक मानेखाली, एक पाठीखाली. पारडं जमिनीवरून सुटलं आणि सावकाश वर आलं, गूळ सावकाश खाली आला, आणि आम्ही समोरासमोर थांबलो. दांडी इतकी सरळ होती की वडील असते तर त्यांनी टोपी काढली असती. तुला पुरी झाली होती. घरात कुणी नव्हतं.

"झालं का, ऋजू?"

"टाचा टेकल्या, आई. अगदी नीट चालतेय." मग ती हळूच म्हणाली, लहानपणी ताटातलं संपल्यावर म्हणायची तसं, "पण पलीकडे वारा जास्त आहे. अजून थोडं असेल का गं?"

मी समोरच्या गुळाकडे बघितलं. मग खाली जमिनीकडे. माझी चप्पल दाराशी होती, डाव्या पायाची जरा पुढे.

"एकतीस," मी माझ्यातलं पुकारलं, आणि पारडं वर जायला लागलं.